चादरीचं दुसरं टोक

"ताई, जरा दुसरं टोक धरता का?"

बेल वाजली की दारात समोरचे काका, हातात बादली आणि बादलीत भिजलेली चादर. तुमच्याही मजल्यावर असा एखादा शेजारी असेल. काकू गेल्यापासून कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत ते एकटेच राहायचे. मुलगा पुण्याला. माझंही घर दिवसभर रिकामं, तरी मी आधी कपाळाला आठ्या घालायचे आणि मग ओढणी खोचून टोक धरायचे.

पहिल्यांदा चादर पिळलीच जाईना. नुसती गोल फिरत राहिली.

"तुमी माझ्याबरोबर फिरवताय. उलटं फिरवा."

तरुणपणी ते चर्चमध्ये फादर व्हायला निघाले होते. अर्ध्यावरून परतले, लग्न केलं, वाशीच्या मार्केटात नोकरी केली. तिथे शिकलेली लॅटिन मात्र सुटली नाही. चादरीतून पाणी गळायला लागलं की धडा सुरू.

"टॉर्मेंटम. म्हणजे पिळायचं साधन. दोर पिळून त्याच्या जोरावर दगड फेकायचे, त्या यंत्रालाही हाच शब्द. आणि माणसाचा छळ करून त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं, ते पण टॉर्मेंटम."

"आणि शेजारणीला चादर पिळायला लावणं?"

"ते पण," म्हणून ते इतके हसले की टोक हातातून सुटून चादर पुन्हा धुवावी लागली.

एकदा त्यांची वाटी परत द्यायला गेले, तर आत वॉशिंग मशीन. नवंकोरं, वर टेबलक्लॉथ घातलेला. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"मुलानं दिलंय," ते म्हणाले. "पण मशीनला दुसरं माणूस लागत नाही ना."

मला रागावताच आलं नाही. मग मीही माझ्या चादरी त्यांच्याकडे न्यायला लागले.

"मुलाचा फोन आला तर सांगा, बाबा मजेत आहेत. नायतर घेऊन जाईल मला," ते दर वेळी बजावायचे. मीही तसंच सांगायचे.

मग काही दिवस बेल वाजलीच नाही. मी दार ठोठावलं, तेव्हा ते भिंतीचा आधार घेत, पोट आवळून आले. दवाखान्यात सलाईन लावल्यावर जरा सावरले.

"पोटातल्या कळेलाही टॉर्मेंटमच म्हणायचे," ते पुटपुटले.

"अहो, मग बेल का नाही वाजवलीत?"

"धुवायला काही नव्हतं, ताई. काय सांगून वाजवणार?"

तिथूनच मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. समोरच्या दाराला आता कुलूप असतं. मला त्यांची फार आठवण येते, दुपारी तर जास्तच. पण एवढंच सांगायला मी कोणाची बेल वाजवू?