जुन्या भाड्याचा संसार

कवळीबाईला आपल्याच घरातून बाहेर पडायचं असलं की आधी आतून दार वाजवावं लागायचं.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरची नवऱ्याची, आतली तिची. ओटा आतल्या खोलीत आणि न्हाणीघरही आतल्याच खोलीला लागून. त्यामुळे तिला कामावर जायचं तर त्याच्या खोलीतून जावं लागे आणि त्याला अंघोळ करायची तर तिच्या. तिनं दार वाजवलं की तो "थांब" म्हणायचा आणि उगाचच रेंगाळत राहायचा. मग तीही काही कमी नव्हती. तो न्हाणीघरातून ओला निथळत बाहेर यायला निघाला की "थांब, कपडे बदलतेय" म्हणून त्याला तिथेच कुडकुडत ठेवायची आणि निवांत केस विंचरत बसायची.

नवरा म्हटलं खरं, पण तो नवरा राहिला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कोर्टानं दोघांची फारकत करून दिली होती. ती त्याला 'माजी' म्हणायची. माजी मंत्री असतात तसा माजी. पद गेलेलं, तोरा जागच्या जागी. हा माजी एका गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांना डबलबेडच्या गाद्या विकण्यात त्याचा हात धरणारं दुकानात कोणी नव्हतं. फारकतीत कवळीबाईच्या पदरात पडलं काय, तर 'अहो' सुटलं. अठरा वर्षं ज्याला अहो-जाहो केलं त्याला ती कोर्टाच्या दारातच "बाजूला हो" म्हणाली, आणि तिला एवढं बरं वाटलं की वकिलाची फी वसूल झाली.

मग अजून एकत्र का राहत होती, असं विचारणाऱ्यानं आपण शेवटचं घर कधी शोधलं ते आधी सांगावं. जागा जुन्या भाड्याची होती. तेवढ्या भाड्यात आता त्या शहरात कोणी मोटार उभी करायलाही जागा दिली नसती. आणि मालकीणबाईंची अट एकच होती, की जागा कुटुंबालाच. एकट्या बाईला नाही, एकट्या पुरुषाला तर नाहीच. म्हणजे दोघांपैकी एक गेला की दुसऱ्याचंही चंबूगबाळं रस्त्यावर. लोक शहाणपणा शिकवतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. या दोघांनी अंथरूण पाहून पाय इतके आखडले होते की गुडघे हनुवटीला लागले होते. शिकवणाऱ्यांचं काय जातं?

कवळीबाई दातांच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना कसला, डॉक्टरांच्या गल्लीच्या मागची एक लांबट खोली. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवायचे, आणि ही त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या बसवून त्यात एकेक दात लावायची. मग साचा शिजायचा, कवळी निघायची आणि ती घासून घासून गुळगुळीत करायची. नखांत गुलाबी भुकटी, केसांत प्लॅस्टरची धूळ. बोलायला तिखट होती. "म्हाताऱ्यांना हसतं करते आणि घरी येऊन दात-ओठ खाते," असं स्वतःच म्हणायची. तिच्या मनात एकच गोष्ट होती: स्वतःची एक खोली. कितीही लहान चालेल, पण तिच्या दाराला आतून तिची कडी हवी आणि बाहेर जाताना कोणाला विचारायला लागू नये.

त्यासाठी ती बसनं जायची ती पायी जायला लागली होती, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधून वापरत होती. धाकटी बहीण फोनवर म्हणायची, "ताई, दात कोरून पोट भरत नसतं गं. तू वाचवतेस चमच्यानं आणि खोलीची अनामत वाढतेय बादलीनं."

"मग काय करू? तुझ्या नवऱ्यासारखं कर्ज काढून बावीसाव्या मजल्यावर जाऊ, आणि तिथून हप्त्याच्या भीतीनं खाली बघत बसू?"

बहिणीनं फोन ठेवला. तिच्या घरी पंखासुद्धा एकच लावत होते.

वर्षातून एकदा करार नवा करायला मालकीणबाई येत, आणि त्या दिवशी दोघांना संसार मांडावा लागे. माजी कपाटावरून लग्नाचा फोटो काढून खिळ्याला अडकवायचा. मधलं दार सताड उघडं. त्याची चादर घडी होऊन तिच्या खोलीत जायची, चपला जोडीनं ठेवल्या जायच्या. आणि कवळीबाईच्या तोंडात, कडू औषध घ्यावं तसं, पुन्हा 'अहो' यायचं. दोनदा हे नाटक उत्तम वठलं होतं. उलट जरा जास्तच उत्तम. इतकं गोड तर ते लग्नाच्या पहिल्या महिन्यातही बोलले नव्हते.

तिसऱ्या वर्षी मालकीणबाई आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि भिंतीचे पोपडे बघायला लागल्या. ही बाई बारीक, नाक सरळ, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाला कवळीबाई फार घाबरायची.

"अहो, बसा ना त्यांच्याजवळ," ती म्हणाली. "चहा मी करते."

"छे छे, तू दमून आलीस. आज चहा माझ्या हातचा," माजी म्हणाला. मालकीणबाईंकडे बघून हसला आणि आत गेला. गाद्या विकतानाचं हसू होतं ते.

आत भांड्यांचा आवाज झाला. डबा उघडल्याचा, मग तो रिकामा आपटल्याचा. आणि मग तीन वर्षांच्या सवयीनं, अगदी रोजच्या सुरात, तो आतून ओरडला, "माझी साखर संपलीय. तुझ्या डब्यातली दोन चमचे घेऊ का? उद्या परत करतो!"

इथे जरी कवळीबाई गप्प बसली असती तरी निभावलं असतं. पण सवय तिलाही होतीच की.

"आधी मागची परत दे, मग माग!" ती म्हणाली. "आणि चमचा तुझा घाल!"

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. माजी दारात येऊन उभा राहिला, हातात रिकामा डबा.

"घरात साखर तुझी-माझी?" मालकीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "नवरा-बायको एकमेकांचा जीव खातात, ते मला माहितीय. पण साखर परत करत नाहीत."

त्या उठून आत गेल्या. फ्रीज उघडला. वरचा कप्पा, खालचा कप्पा, मध्ये चिकटपट्टी. अंड्यांवर पेनानं खुणा केलेल्या. दोन साबण, दोन मीठ, दोन काड्यापेट्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांना राग आलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"मी जागा कुटुंबाला दिली होती. तुम्ही दोन भाडेकरू आहात. मग दोन करार, दोन भाडी, आणि दोन्ही आजच्या दरानं. नाहीतर महिनाअखेर लग्नाचा चालू दाखला आणून दाखवा, जुनं भाडं तसंच ठेवते. मी काही वाईट बाई नाही."

चहा न घेताच गेल्या. वाईट नसलेल्या बायका अशाच जातात.

त्या गेल्यावर दोघांनी एकमेकांना जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेजाऱ्यांनी मात्र रेडिओ बंद करून ऐकलं.

मग कवळीबाई खोली शोधायला निघाली. एक दलाल म्हणाला, "एकट्याच? मिस्टर नाहीत? मग कठीण आहे, बाई." दुसऱ्यानं जी खोली दाखवली तिचं भाडं दिल्यावर खायला काही उरलं नसतं, दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत. तिसऱ्यानं एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर नेलं. तिथे चार कॉट होत्या, चार पोरी आपापल्या मोबाईलमध्ये, चौघींत एक कपाट. एक पोरगी महिनाअखेर सोडून जाणार होती. "ह्यापेक्षा माझ्या कारखान्यातले जबडे ऐसपैस राहतात," कवळीबाई खाणावळवालीच्या तोंडावर म्हणाली आणि जिना उतरली. सेहेचाळिसाव्या वर्षी लोकांच्या पोरींच्या मधल्या कॉटवर? स्वतःच्या दाराचं स्वप्न बघायचं आणि दारच नसलेल्या कोपऱ्यात जाऊन पडायचं?

त्याच आठवड्यात माजीनं मधलं दार वाजवलं. आत आला नाही, उंबऱ्यावरूनच बोलला.

"पुन्हा नोंदणी करून टाकू. कागदावरच. आत तू, बाहेर मी, आहे तसंच."

"थोबाड बघ."

"थोबाड बघून भाडं कमी होत असेल तर बघतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे दुसरं काय आहे ते सांग."

दुसरं काही नव्हतं. तिला रडू आलं, ते त्याच्यासमोर यायला नको म्हणून तिनं दार लावून घेतलं आणि दारामागून "बरं" म्हणाली. त्या एका शब्दाचा तिला जितका राग आला तितका त्याचाही कधी आला नव्हता.

नोंदणी कार्यालयात रांग होती. पुढे मागे सगळी कोवळी जोडपी, अत्तरं, फुलं, खिदळणं. माजी एकाला हळूच आपल्या दुकानाचं कार्ड देऊन आला. दोघांचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या कारकुनानं जुने कागद चाळले, चष्मा वर करून दोघांकडे बघितलं आणि पुन्हा खाली केला. असल्या जोडप्यांचीही त्याला सवय असावी.

"बाई, स्वतःच्या मर्जीनं करताय ना? कोणाची जबरदस्ती नाही?"

"नाही, नाही. हिची पूर्ण मर्जी आहे," माजी म्हणाला.

झालं. तो वाईट हेतूनं बोलला नव्हता, खरं सांगायचं तर. त्याला ते कळलंसुद्धा नाही. अठरा वर्षं हेच चाललं होतं. डॉक्टरनं विचारावं, बाई, कुठं दुखतंय? यानं सांगावं, हिची पाठ. शिंप्यानं विचारावं, बाह्या केवढ्या? यानं सांगावं, हिला लांबच आवडतात. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, दारूही प्यायला नाही. फक्त तिच्या तोंडचं उत्तर रोज काढून घेतलं. कोर्टात तिला कारण विचारलं तेव्हा तिला हे नीट सांगता आलं नव्हतं, आणि तिथेही यानंच मध्ये तोंड घातलं होतं, "हिचा स्वभाव तापट आहे, साहेब."

"तुम्ही थांबा," कारकून माजीला म्हणाला. "बाईंनी सांगायचंय."

"जबरदस्ती आहे," कवळीबाई म्हणाली. "भाड्याची."

"त्याला रकाना नाही, बाई. हो किंवा नाही, तेवढंच लिहिता येतं."

मागच्या पोरी माना लांबवून बघायला लागल्या. माजीनं तिचं कोपर दाबलं आणि दातांतून पुटपुटला, "हो म्हण. वेड लागलंय का? राहशील कुठं?"

तिनं कोपर सोडवून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "लिहा. माझी मर्जी नाही."

पायऱ्यांवर तो तिच्या मागे धावत आला. रस्त्यातली माणसं वळून बघतील इतक्या जोरात ओरडला, की दोघांचंही वाटोळं केलंस, माझं तरी काय उरलं आता, मी कुठं जाऊ? हा प्रश्न खरा होता, म्हणूनच ती थांबली नाही. आपण केलं ते मूर्खपणाचं, हेही तिला चालता चालता कळत होतं.

खाणावळीचा जिना चढून ती वर गेली. खाणावळवाली कांद्याचे हात पुसत आली. हिला ओळखून तिनं तोंड वाकडं केलं.

"जबडेवाल्या बाई ना तुम्ही? परत आलात?"

"आले."

"लग्न झालंय?"

"आज होता होता राहिलं."

खाणावळवालीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. थट्टा करतेय की कसं, ते तिला कळेना. मग म्हणाली, "सोडून जाणारी पोरगी कालच गेली. तिची एकच कॉट राहिलीय, मधली. अंगावर उजेड येतो, दोन्हीकडून पोरी बडबडतात. चालेल?"

"कोणाला विचारायचं नाही ना, जाता-येताना?"

"मला काय पडलीय तुम्ही जाता की राहता?" खाणावळवाली म्हणाली.

कवळीबाईनं मधल्या कॉटवर पिशवी ठेवली, आणि मग तिथेच बसून ती मोठ्यानं रडली. तिन्ही पोरींनी मान वर करून बघितलं. काय झालं, असं एकीनं विचारलं, आणि बाकीच्या दोघी ती काय सांगते याची वाट बघत राहिल्या.