मूळ झाड

"झाड कशाला बघता? कलम बघा."

आमच्या घोलवडच्या वाडीत चिकूची कलमं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आमचा कलमं बांधणारा गडी हेच सांगायचा. गिऱ्हाईक बहुधा गुजरातकडचं. कुंडीतलं हातभर रोप बघून त्याचं समाधान होत नसे. "भाई, मूळ झाड क्यां छे?" मूळ झाड वाडीच्या पार मागच्या टोकाला होतं. तो कलमाच्या सालीवर अंगठ्याच्या नखाने हलका ओरखडा काढून आतला हिरवा रंग दाखवायचा. "बीचं रोप कसं निघेल सांगता येत नाही, शेठ. ही त्या झाडाचीच फांदी आहे. हिला बघितलं म्हणजे त्याला बघितलं."

आमच्याकडे रायणीचं रानटी रोप कुंडीत वाढवतात आणि त्याला चिकूची फांदी बांधतात. साल एकजीव झाली की फांदी मूळ झाडापासून तोडतात. खाली रायण, वर चिकू. या कामात त्याचा हात धरणारा वाडीत दुसरा नव्हता. पण रविवारी तो सुरीला हात लावत नसे, मग कलमं तोडून उतरवायला आलेली का असेनात. सुरुवातीला मला ते खटकायचं. पुढे मी आठवडा सहा दिवसांचाच धरू लागलो.

तो मूळचा सायवनचा, वारली घरातला. तरुणपणी तापाने फणफणून तलासरीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात गेला आणि बरा झाल्यावर तिथेच राहिला. वाचायला शिकला, ख्रिस्ती झाला. जेवणापूर्वी डोळे मिटून प्रार्थना करायची सवय तिथलीच. एकदा त्याने डोळे मिटले असताना कावळ्याने भाकरीवरचा भाजलेला बोंबील उचलून नेला. वाडीतले गडी हसून लोळले.

"काय रे, तुझ्या देवाला कावळा नाही दिसला?"

"दिसला असेल," तो म्हणाला. "त्यालाही भूक असेल." आणि कोरडी भाकरी खाल्ली.

मला हिशेबाची सवय. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. तरी एकदा फळं पेटीत भरताना मी त्याला विचारलं, "न दिसणारा देव तुला कळला कसा?"

"बापाला मीही पाहिलं नाही, भाऊ. मुलावरून ओळखतो."

"येशूला तरी तू कुठे पाहिलंस?"

"त्याच्याबद्दल वाचलं. आणि दवाखान्यात एक बाई होती, ती माझी ओकारी पुसायची. रोज. तोंड वाकडं न करता. वाचलेलं आणि तिचं वागणं जुळलं."

"म्हणजे ऐकीवच."

"मुंबईच्या दलालाला तुम्ही कधी पाहिलंय का? पेट्या तर बिनधास्त पाठवता."

"त्याची पट्टी येते ना. माल किती विकला, सगळं लिहून येतं."

"मलाही येते," तो म्हणाला आणि पेटीवर खिळा ठोकू लागला.

हे बोलणं मला पुरतं पटलं नाही. आजही पटलं आहे असं म्हणणार नाही. पण पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

त्याचा बाप सायवनला एकटाच राहायचा. आमच्या कुंड्यांतलं रायणीचं बी तोच रानातून गोळा करून टोपलीने पाठवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर. स्वतः कधी आला नाही. मुलगा ख्रिस्ती झाल्यापासून त्याने बोलणं टाकलं होतं. एका उन्हाळ्यात निरोप आला की म्हाताऱ्याच्या पायाला जखम झाली आहे आणि ती चिघळली आहे. मला बी हवंच होतं, म्हणून मीही बरोबर गेलो. एस.टी.ने आणि पुढे चालत.

म्हातारा कुडाला टेकून बसला होता. मुलाकडे न बघता मला म्हणाला, "बी आत आहे. घेऊन जा."

"बाबा, घोलवडला चल," हा म्हणाला. "इथे पाय जाईल. तूही जाशील."

म्हाताऱ्याने शिवेकडे बोट केलं. तिथे वाघदेवाची शेंदूर लावलेली फळी उभी होती. "माझा देव मी बोटाने दाखवतो. तुझा दाखव. मग येतो."

"दाखवता येत नाही. पाय दे."

"आधी देव."

"तो माझ्या हातात नाही. पाणी गरम करणं आहे."

त्याने चूल पेटवली, पाणी उकळलं, जखम धुतली. पू आला, वास सुटला. मी जरा लांब सरकलो. म्हातारा सगळा वेळ मुलाच्या तोंडाकडे बघत होता. तोंड वाकडं होतंय का, तेच बघत असावा. झालं नाही.

त्यानंतर दर रविवारी तो सायवनला जायचा, पावसातसुद्धा. पाद्रीबाबा एकदा वाडीवर येऊन म्हणाले, "उपासनेला दिसत नाहीस हल्ली." तो म्हणाला, "बापाकडे असतो." पाद्रीबाबांनी मान डोलावली, चिकू खाल्ले आणि गेले.

पाऊस सरल्यावर एका सकाळी सायवनकडच्या गवताच्या गाडीवरून म्हातारा वाडीच्या फाटकात उतरला. पायाची जखम भरून आली होती. काखेत टोपली. गड्यांना गप्प बसवेना.

"काय बुवा, दिसला का देव?"

"नाही दिसला." त्याने टोपली खाली ठेवली. "पण हा आधी असा नव्हता. भांडखोर होता. याला ज्याने असा केला, तो बरा असावा."

म्हातारा ख्रिस्ती झाला नाही. वाघदेवाच्या दिवशी सायवनला जायचा. मुलगा शिवेपर्यंत सोडायला जायचा आणि परतीसाठी बाहेर बसून राहायचा. दुपारी दोघं मूळ झाडाखाली जेवायचे. मुलगा डोळे मिटायचा आणि म्हातारा त्याच्या भाकरीची राखण करायचा.

पुढे काही वर्षांनी मुलगाच आधी गेला. कावीळ झाली आणि ती उतरली नाही. डहाणूला त्याला पुरलं तेव्हा म्हाताऱ्याने मूठभर माती टाकली. मी त्याला वाडीतच ठेवून घेतलं. गिऱ्हाईक आलं आणि मूळ झाडाची चौकशी केली की आता तो नखाने साल खरवडून दाखवतो.

तुम्ही कधी दुपारी आमच्या वाडीत आलात तर तो मूळ झाडाखालीच दिसेल. भाकरी पुढ्यात घेतो आणि लगेच खात नाही. मुलाची प्रार्थना व्हायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबतो. डोळे मात्र उघडे. शेजारच्या रिकाम्या जागेपाशी कावळा उतरला, की हात उगारून त्याला हाकलतो.