वळच्या गोदामात पसरलेलं शीड

कल्याणहून निघालो तेव्हा माझ्या शिडाची गुंडाळी रिक्षातून दोन्हीकडे हातभर बाहेर आली होती.

“दादा, पाइप आहे का?” रिक्षावाला वैतागला.

“होडीचं शीड आहे. कापायला नेतोय,” मी म्हणालो.

माझी होडी कॅटामरान, म्हणजे दोन सडपातळ होड्या शेजारी ठेवून जोडलेली शर्यतीची होडी. आमच्या गटात लांबी, रुंदी, वजन आणि शिडाचं क्षेत्रफळ ठरलेलं. बाकी डोकं लढवायला मोकळीक. मी लढवलं! वारा छान सरकावा म्हणून डोलकाठी चपटी, रुंद केली. पण तीही शिडाच्या मापात धरतात. काल बेरीज केली, तर छोट्या टॉवेलाएवढं जास्त. उद्या मोजणी. जास्त भरलं तर शर्यतीतून बाद. कापलं तर तीन वर्षं खपून जमवलेला आकार बिघडणार.

कोन गाव मागे पडलं. ट्रकांमागे धूळ खात वळ गावात पोचलो. रिक्षा थांबवून ठेवली. एवढं शीड सपाट पसरायला इथल्या गोदामातल्या गाळ्याचीच फरशी हवी. रऊफचाचा तिथे ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फरशी झाडून दिली आणि मला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

मग शीड पसरून मी त्यावर खडूने रेघ मारली. चाचांनी कात्री उचलली, थांबले. पुढच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी चाचपून म्हणाले, “ही दोरीवाली कड कुठं जाते?”

“डोलकाठीच्या खोबणीत.”

“म्हंजे दिसत न्हाय. मग मोजली कशाला? शिलाईत दबलेलं कापड आमी मापात धरत न्हाय.”

अरे देवा! ती पट्टी मी शिडात मोजली होती आणि डोलकाठीतही. तिथूनच मोजणीच्या मॅडमना फोन लावला.

“खोबणीतली कड सोडूनच मोजतो आम्ही,” त्या म्हणाल्या. “नियम वाचले नाहीत का?”

पट्टी वजा केली. हिशेब पुन्हा तपासला. शीड मापात बसत होतं, वर तळहाताएवढी जागा शिल्लक! मी चाचांना मिठीच मारली.

“सोडा भाऊ, हातात कात्री हाय!” ते ओरडले.

उरलेली भाकरी मी उभ्याउभ्या संपवली. काय चव होती!

तीन वर्षं नियमांतली मोकळी जागा शोधत बसलो, आणि लिहिलेली ओळ मात्र नीट वाचली नाही. याची लाज वाटत होती, पण हसू आवरत नव्हतं. गुंडाळी पुन्हा रिक्षात कोंबली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

“दादा, ही तर तेवढीच लांब आहे. काम झालं नाही वाटतं?”

“नाही झालं,” मी गुंडाळीला कवटाळून म्हणालो. “चल, सावकाश घे.”