बेसच्या ॲम्पला नवे व्हॉल्व्ह

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याला कोणी ओळखत नाही. गायिकेला ओळखतात, ढोलकीवाल्याला हार घालतात आणि बेसवाल्याला कार्यक्रम संपल्यावर विचारतात, "तुमची गिटार बंद होती का हो? आवाजच येत नव्हता." रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत मला हे इतक्यांनी विचारलं होतं, की मी चिडायचंही सोडून दिलं होतं. पण एके वर्षी, शिमग्याच्या आधी, हाच प्रश्न आमच्या मास्तरांनी तालमीत सगळ्यांसमोर विचारला आणि मी उगाच गिटारची वायर काढून परत जोडली.

मास्तर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. धंद्याने शिंपी, हौसेने ॲकॉर्डियनवादक. दुकानामागच्या खोलीत कापडाच्या चिंध्या बाजूला सारून आम्ही तालीम करायचो. मी दिवसा कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी तिथे जाऊन माणसात यायचो. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गावोगावच्या पूजांना आणि उत्सवांना ऑर्केस्ट्रा लागायचाच, त्यामुळे आम्हाला मान होता आणि तो मला फार आवडायचा.

त्याच सुमाराला आमच्यात कीबोर्ड आला. वाजवणारा राजिवड्याचा, माझ्याच वयाचा, स्वभावाने गोड. त्याच्या वडिलांनी तो कीबोर्ड कुवेतहून येताना मांडीवर धरून आणला होता म्हणे. त्यातून बासरी निघायची, व्हायोलिन निघायचं, आणि डाव्या हाताने खालच्या पट्ट्या दाबल्या की बेसही निघायचा. मास्तरांनी तो बेस ऐकला, मग माझ्याकडे बघितलं. आमच्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी दोनच माणसं बसायची, गायिका आणि मी, आणि गायिकेची आई प्रत्येक कार्यक्रमाला लेकीबरोबर यायची. तिला मागे ढोलांमध्ये बसायला लागायचं म्हणून ती मास्तरांना वाटेभर ऐकवायची. एक माणूस कमी झाला तर मास्तरांच्या डोक्याचा ताप जाणार होता, आणि तो माणूस कोण, हे कळायला मला काही ज्योतिषी लागत नव्हता.

त्यातून माझा बेस खरोखरच फुसका झाला होता. दोष गिटारचा नव्हता, तिचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पचा होता. तो ॲम्प माझ्या मामाने मुंबईत हॉटेलात वाजवणाऱ्या एका माणसाकडून जुना मिळवून दिला होता. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा, लाकडी खोक्यातला, उचलायला दोघे लागतील असा. सुरुवातीला त्याचा आवाज पोटात जाऊन बसायचा. आता तार छेडली की ओल्या गोणपाटावर थाप मारल्यासारखं वाटायचं.

शिमग्याला मामा आला. तो मुंबईत सिनेमाच्या थेटरात ऑपरेटर होता, आणि पडद्यामागचा आवाजही तेव्हा व्हॉल्व्हवरच चालायचा, त्यामुळे हे सगळं त्याच्या रोजच्या हाताखालचं. त्याने ॲम्पची मागची फळी काढली, तो चालू करून लहान व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारली. स्पीकरमधून 'ठण्ण' असा आवाज आला.

"हा गेला," मामा म्हणाला. "आणि हे मोठे दोन बघ, दमलेत. काम करतायत, पण जीव नाय."

"मग मोठ्यातला एकच बदलला तर?"

"नाय नाय. मोठे जोडीनेच बदलायचे. एक नवा, एक जुना लावलास तर जुना बसून ऱ्हातो नि नवा मरेस्तोवर राबतो. तुझ्या कचेरीसारखा."

व्हॉल्व्ह मुंबईत शोधून पाठवतो, असं त्याने कबूल केलं. जाताना दोनच गोष्टी बजावल्या: ॲम्प बंद केलास तरी आतल्या कपॅसिटरात करंट राहतो, म्हणून काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. आणि नवे बसवल्यावर अंधार करून बघायचं, आतली तार तांबडी दिसली पाहिजे, पण तिच्याभोवतीचा पत्रा लाल होता कामा नये.

चैत्र गेला, आंब्याचा हंगाम ऐन भरात आला, तरी व्हॉल्व्हचा पत्ता नाही. मास्तरांनी खेडजवळच्या एका गावातल्या पूजेचा कार्यक्रम घेतला होता. मुंबईचे चाकरमानी तोवर गावी आलेले असणार, म्हणजे गर्दी दांडगी. "तुझं त्याआधी काय ते बघ," एवढंच ते मला म्हणाले. मी रोज बाबांना विचारायचो, "मामाचं काही आलं?" आणि आमच्या बागेतल्या आंबा काढणीच्या धांदलीत असलेले बाबा म्हणायचे, "आला तर ठेवून देऊ काय मी?"

पार्सल आलं होतं. तीन दिवस आमच्याच घरापुढच्या खळ्यात पडून होतं. मामाने डोकं लढवून व्हॉल्व्ह आमच्याच एका जुन्या आंब्याच्या पेटीत घातले होते, भरपूर पेंढा भरून, वर फळ्या ठोकून. मुंबईला आंबा उतरवून रिकाम्या पेट्या घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने ती उतरवली आणि तो घाईत निघून गेला. पेटीवर आमचीच खूण. गड्यांनी ती बघितली आणि भरलेल्या पेट्यांच्या थप्पीत लावली. माझा बेस हापूस म्हणून परत मुंबईला निघाला होता.

ट्रक भरायला सुरुवात झाली तेव्हा मी कचेरीत जायला निघत होतो. हमालाने एक पेटी उचलली आणि तो थबकला.

"बाबानू, ही हलकी लागत्ये हो."

बाबा ताडकन उठले. आमच्या पेटीत डझनाला डझन पुरे असतात, याचा त्यांना कोण अभिमान. कोणी भरताना हात मारला, कोणाच्या घरी आंबे गेले, असं करत त्यांनी खळ्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाचा उद्धार केला आणि सगळ्यांसमोर पेटी फोडली. पेंढा उपसत गेले, उपसत गेले, आणि हातात पुठ्ठ्याचं खोकं आलं. ते उघडून त्यांनी काचेचा व्हॉल्व्ह दोन बोटांत धरला.

"ह्या काय हाय मेल्या?"

"माझा बेस," मी म्हटलं आणि झडप घातली. पुढे हंगामभर गडी माझ्याकडे बघून हसायचे. मुंबईहून रत्नागिरीला आंब्याची पेटी आलेलं घर म्हणून वाडीत आमचं नाव झालं.

त्या संध्याकाळी पडवीत ॲम्प उघडला. एक हात खिशात ठेवायचा, तर मी लुंगीत, खिसा कुठला? शेवटी डावा हात कमरेला खोचून बसलो. जुने व्हॉल्व्ह हलवून हलवून वर काढले. खाली सॉकेटात खारट हवेने हिरवा थर धरला होता, तो स्पिरिटात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासला. मोठ्या व्हॉल्व्हच्या बुडाला मध्ये एक खुंटी असते आणि तिला एक कंगोरा. तो खाचेत बरोबर बसला की मगच पाय आत जातात, जोर करायचा नाही. मी चाचपडत खाच शोधत होतो आणि आई दारातून म्हणत होती, "अरे, फुटला म्हणजे?" ह्याने हात स्थिर होत नाही, हे आयांना कधी कळणार!

मग दिवा घालवला. ॲम्प लावला. आत हळूहळू तांबडं झालं. पत्रा काळाच राहिला. मी गिटार जोडली आणि सगळ्यात जाड तार नुसती सोडली.

स्वयंपाकघरात फळीवरची भांडी वाजली. आवाज गोल, भरीव, मागे रेंगाळणारा. मी पुन्हा तार सोडली, परत भांडी वाजली. मला एवढा आनंद झाला, की मी मोठ्याने हसायला लागलो. बाबा आतून म्हणाले, "झाला ना? आता गप ऱ्हा." पण तेही उठून पडवीत आले आणि बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी मुद्दाम काही बोललो नाही. पहिलं गाणं सुरू झालं आणि ढोलकीवाल्याने वळून बघितलं. मास्तरांनी ॲकॉर्डियन थांबवून सांगितलं, "परत." पुन्हा वाजवलं. "वा!" ते म्हणाले. "ह्याला म्हणतात बेस!" गायिकेची आईसुद्धा बरं म्हणाली. मी जिंकलो होतो.

चहा आला. कीबोर्डवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मस्तच झाला रे. मी लावून बघू?" मी स्वतःच्या हाताने त्याची वायर माझ्या ॲम्पला जोडली. त्याच्यात काडीचा कावा नव्हता, हे मी आजही सांगेन. तो डाव्या हाताने वाजवायला लागला. इतके दिवस त्याचा बेस बारीक, खेळण्यातला वाटायचा. नव्या व्हॉल्व्हमधून तो गोल आणि भरीव यायला लागला. आणि तो वाजवत होता ते सगळं माझंच होतं, माझ्या जागा, माझी वळणं, शेजारी बसून ऐकून ऐकून उचललेली.

मास्तरांनी डोळे मिटले होते. पायाने ताल धरला होता. कपातला चहा माझ्या हातात निवला.

गाणं संपल्यावर ते एक धागा बोटाला गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "ॲम्प देशील ना रे खेडला?"

"माझ्यासकट देईन," मी तडकून म्हणालो.

"ये की. ॲम्पजवळ कोणीतरी हवाच. तुझ्याशिवाय तो कोणाला सांभाळता येणार?"

मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. ॲम्प उचलून घरी न्यावा, असं दहादा मनात आलं. पण ऑर्केस्ट्राशिवाय संध्याकाळी करायचं काय, हेही मला ठाऊक नव्हतं. मी गेलो. टेम्पोत मागे, ॲम्प धरून. पुढे गायिकेची आई.

कार्यक्रम दणक्यात झाला. मी स्टेजवर पडद्याच्या कडेला ॲम्पच्या मागे बसलो होतो. कीबोर्डवरचा बेस सुरेख वाजत होता. वाईट वाजला असता तर मला बरं वाटलं असतं. समोर माणसं डोलत होती, आणि कोणालाही कोणाची उणीव भासत नव्हती.

शेवटी गावकऱ्यांनी नारळ देऊन कलाकारांचा सत्कार केला. निवेदक एकेकाला पुढे बोलवून नाव आणि वाद्य माइकवरून सांगत होता. मास्तरांनी मलाही हात धरून पुढे ओढलं. ते मनाने वाईट नव्हतेच. निवेदकाने नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आणि वाद्य कोणतं तुमचं?"

तोंडात सवयीने बेस आलंच होतं. मी मास्तरांकडे बघितलं. ते हारातली फुलं नीट करत होते.

"वाद्य नाही," मी म्हटलं. "मी ॲम्पबरोबर आलोय."

"आणि हे आपले ॲम्पवाले!" निवेदक माइकवर ओरडला. टाळ्या पडल्या. बेस वाजवून मला कधी पडल्या नव्हत्या एवढ्या पडल्या. मी नारळ घेतला, लोकांना नमस्कार केला आणि खाली उतरलो. सामान उतरवायलाही परत त्या स्टेजवर चढलो नाही. ॲम्पदेखील दुसऱ्यांनीच उतरवला.