दोनदाकाकांच्या शंभर ओढी

घरातल्या कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारल्याचे निदान गेल्या वीस वर्षांत तरी ऐकिवात नाही. कुलूप लावले की पुन्हा ओढून पाहायचे, गॅस बंद केला की पायरीवरून मागे फिरायचे. म्हणून थोरल्या भावाने त्यांचे नाव ‘दोनदा’ पाडले आणि पुतणीने त्याला ‘काका’ जोडले. मात्र ही सवय त्यांना जन्मापासूनच होती असे जे घरात सांगितले जाते, त्याला आधार नाही. त्यांच्या तपासणीच्या अकरा वह्या फळीवर ओळीने उभ्या आहेत. पहिल्या वहीत प्रत्येक माप एकदाच लिहिलेले आहे. दुसरीपासून पुढे दोनदा.

मध्ये काय घडले, त्याची नोंद पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. भाऊ धनुष्ये बनवीत आणि काका ती दोर-कप्पीने ताणून तपासत आणि चिठ्ठीवर सही करीत. सहीशिवाय धनुष्य उंबऱ्याबाहेर जात नसे. त्या दिवशी त्यांनी लिहिले होते : ‘ताणताना एकदा बारीक आवाज. बहुधा कप्पीचा.’ खाली सही. त्याच दुपारी त्या धनुष्याचे वरचे पाते भावाच्या हातात, पूर्ण ओढीवर, फुटले. भुवईवर सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. भावाने त्यावरून एका शब्दाने बोलून दाखवले नाही, आणि काकांना तेच जास्त लागले. पुढच्या दहा वह्यांत ‘बहुधा’ हा शब्द एकदाही सापडत नाही.

आता भिंतीवरच्या खोबणीत भावाच्या मुलीचे धनुष्य बसवलेले होते. तिने स्वतः आखलेले हे पहिलेच. तीन तुकड्यांचे : मधोमध लाकडी मूठ आणि तिला बोल्टने जोडायची दोन पाती, सुटे केले की पाठीवरच्या पिशवीत मावणारे. साडेबाराच्या बसने ती ते घेऊन स्पर्धेला निघणार होती. पाते मुठीवर जिथे टेकते ती बैठक तिने वजन वाचवण्यासाठी बोटभर आखूड ठेवली होती. काकांची झोप त्या बोटभराने उडवली होती. आखूड बैठकीवर पाते किंचित जरी हलले, तरी सगळा ताण एका कडेवर येणार. आणि पाते फुटले तर ते कुठे लागते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तीन दिवसांच्या तपासणीत मात्र बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती. अठ्ठावीस इंचांवर ओढीचे वजन अडतीस पौंड. ते इंचा-इंचाने सारखे वाढत होते, शेवटच्या दोन इंचांत एकदम अंगावर येत नव्हते. धनुष्य नऊ वेळा सुटे करून नऊ वेळा जोडले; दर वेळी दोरीपासून दोन्ही पात्यांचे अंतर मोजले, आणि आकडे तसूभर हलले नाहीत. उरली होती दहावी जोडणी आणि तिच्यावरच्या शंभर ओढी. त्या काका हाताने करीत नसत. दोरीला आकडा अडकवायचा, त्याचा दोर कप्पीवरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि तिथून खेचायचा. धनुष्य फुटलेच तर भिंतीवर फुटावे.

दहाव्या जोडणीत वरच्या पात्याचे अंतर दोन मिलिमीटर कमी भरले. त्यांनी मोजपट्टी पुसली, पुन्हा लावली. तेच. तरी त्यांनी दोर हातात घेतला. सतराव्या ओढीला आवाज झाला. टिक्. नखाने पेला टिचकवावा इतकाच.

पुतणी दारात उभी होती, एका पायात मोजा, दुसरा हातात.

“काय झालं?”

“वाजलं.”

“कप्पी असेल, काका.”

काकांनी नुसते पाहिले. तिने जीभ चावली.

त्यांनी धनुष्य उतरवले, दोराला लोखंडी वजन टांगले आणि कप्पी वीस वेळा फिरवली. कप्पी मुकी होती. म्हणजे वाजले ते धनुष्यच. आतल्या खोलीतून चहाची कपबशी घेऊन भाऊ आले आणि स्टुलावर टेकले.

“मोजून मोजून पट्टी झिजवलीस का रे?”

“दादा, गंमत नको. दोन मिलिमीटरचा फरक आहे, आणि वाजलंय.”

भावाचा हात आपसूक भुवईकडे गेला आणि वाटेतच थांबला.

काकांनी पाना घेतला. तो बोल्टच्या डोक्यावरून दोनदा घसरला.

“दे इकडे,” म्हणत पुतणीने बोल्ट सोडवला, पाते अलगद उचलले आणि बैठकीतून चिमटीत काहीतरी काढले. “काका, हे काय?”

कार्बन पेपरची पट्टी होती, खाली पातळ कागद, एका टोकाला दोन्हींची घडी पडलेली. ती पाहून काकांचे कान तापले. बैठक पुरती टेकते की नाही याचा ठसा घ्यावा, हे सकाळी त्यांच्याच मनाने घेतले होते. खालच्या पात्याखाली पट्टी घातली, ठसा घेतला, काढली. वरच्या पात्याखाली घातली, बोल्ट आवळला, आणि तेवढ्यात भावाने चहाला हाक मारली. परत आल्यावर त्यांनी थेट मोजपट्टी उचलली.

“म्हणजे तपासायला घातलेला कागद तपासायचा राहिला,” भाऊ म्हणाले. “दोनदा, तुझं हे पहिलंच एकदा.”

पुतणी हसली. “चला, सुटलो. घडीमुळे पातं डुगडुगत होतं, म्हणून वाजलं. कर सही.”

“कशावरून?”

“दुसरं काय असणार?”

“त्या वेळी मलाही असंच वाटलं होतं.”

पुतणीने हातातला मोजा पायात चढवला. मग ती हळूच म्हणाली, “साडेबाराची बस आहे रे.”

“दहा वाजायचेत. शंभर ओढींना पावणेदोन तास.”

“आणि पुन्हा वाजलं तर?”

“दादाचं जुनं धनुष्य ने.”

“ते माझ्याहून वयानं मोठं आहे.”

“म्हणून तर विश्वासाचं,” भाऊ बशीत चहा ओतीत म्हणाले.

काकांनी दोन्ही बैठकींचे ठसे नव्याने घेतले. ते कडेपासून कडेपर्यंत सलग काळे उमटले. आखूड असली तरी बैठक पुरती टेकत होती. दोन्ही पट्ट्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, आणि पुतणीने त्यांच्यासमोर त्या मोठ्याने मोजल्या. “एक, दोन. पुन्हा मोजू?” “मोज.” धनुष्य जोडले. अंतर पहिल्या नऊ वेळांइतकेच भरले.

एकपासून सुरुवात झाली. सतराव्या ओढीला काकांनी श्वास धरला. काही झाले नाही. चाळीस. साठ. एकाहत्तराव्या ओढीला खट् झाले आणि दोर त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिला.

“मी, मी,” भाऊ घाईने म्हणाले. “कपबशी ठेवली.”

“दादा, तू बाहेर जाऊन बस.”

शंभरावी ओढ झाली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटे होती. पुतणीने चिठ्ठी पुढे केली. काकांनी ती घेतली नाही, धनुष्य घेतले.

“पहिला बाण मी मारणार.”

सात टाक्यांच्या दिवसापासून त्यांनी हाताने धनुष्य ओढले नव्हते. मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यासमोर ते उभे राहिले. दारातून भाऊ म्हणाले, “अरे, डोळे दोनच दिलेत. तिथं दोनदा जमत नाही.” आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

काकांनी ओढले. दोरी गालाला लागली. वरचे पाते डोळ्याच्या कोपऱ्यात वाकलेले दिसत होते. ते थांबले, आणि एवढे लक्ष देऊन त्यांनी आयुष्यात काही ऐकले नसेल. शेजारच्या घरात नळ सुरू होता. बाण सुटला आणि गठ्ठ्यात रुतला, जरा डावीकडे.

वहीत त्यांनी लिहिले : ‘पहिल्या खेपेस सतराव्या ओढीला आवाज. कागदाचा. कागद माझा.’ दोन्ही ठसे खाली चिकटवले, चिठ्ठीवर सही केली. पुतणी बसस्थानकाकडे पळत सुटली.

दुपारभर फोन त्यांच्या गुडघ्यावर होता. सहा वाजता वाजला.

“काका, सहावी आले.”

“धनुष्य?”

“ते मजेत आहे. मी सहावी आले म्हणतेय.”

“ऐकलं. पाती सुटी करून बैठक बघितलीस?”

“बघितली.”

काकांनी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

“दोनदा,” ती म्हणाली.