वाटीत राहिलेले कार्बन

भूतखेत, अंगात येणं, सावली दिसणं — यातलं काही मी कधी खरं मानलं नाही. आमचा धंदाच तसा होता. मोटर बंद पडली की आत कुठेतरी तार जळलेली किंवा तुटलेली असते, आणि शोधली की ती सापडतेच. म्हणून ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाजवळ काढली नाही. तसंही मला चारचौघांत बोलायला जमत नाही... शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर येईल तसं लिहिते आहे.

तेव्हा आम्ही सुलतानपूरला राहत होतो. मेहकरच्या रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं वर्कशॉप आणि मागे घर. पुढे आमचे हे गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचे आणि मागच्या ओसरीत बसून मी मोटरींचं वायंडिंग करायचे. जळालेली तार काढायची, नवी भरायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, सगळं मिस्त्रीच करतात. मलाही तेच बरं वाटायचं.

बीबी गावाकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे जुनी मोटारगाडी होती. तिला त्यांनी मागाहून एसी बसवून घेतला होता — समोर पायांच्या वर लटकणारा एक डबा. आमच्या भागात तेव्हा ते नवलच. थंडी त्या डब्यात तयार होते, पण ती बाहेर ढकलायला एक पंखा लागतो. त्याला ब्लोअर म्हणतात. त्या ब्लोअरची मोटर जळाली होती. नामदेव ड्रायव्हर गाडी घेऊन आला, ह्यांनी मोटर काढून ठेवली आणि गाडी परत पाठवली.

मी वायंडिंग केलं, व्हार्निश लावून उन्हात वाळवलं. शेवटी राहिले ते फक्त कार्बन. कार्बन म्हणजे बोटाच्या पेराएवढे दोन काळे तुकडे. फिरणाऱ्या भागात वीज त्यांच्यातूनच जाते. ते नसले तर मोटर म्हणजे नुसतं लोखंड. जुने झिजून गेले होते, म्हणून ह्यांनी मेहकरहून नवी जोडी आणली होती. ती मी पुसून एका वाटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी गाडी दारात उभी राहिली. मागच्या सीटवर त्या घरची सून, सुमन. दिवस भरत आलेले आणि अंग तापाने फणफणलेलं. शेजारी सासू.

"मिस्त्री, मशीन लावा लवकर," नामदेव म्हणाला. "डाक्टरनं अकोल्याले न्या म्हटलं. पण या झळीत काचा उघड्या ठेवून नेली तं पोरगी रस्त्यातच जाईन म्हणे."

सुमनला आत आणून माझ्या शेजारी टेकवलं. मी हातातली मोटर तशीच ठेवली आणि हातपंख्याने तिला वारा घालू लागले.

"हळू घाला, ताई. हात दुखतीन."

"नाही दुखत."

"माय बी असंच म्हणे." तिने डोळे मिटले होते. "मले ताप आला का ते शिंदीच्या पानाचा पंखा पाण्यात बुडवे अन् वारा घालत बसे. पुरे म्हटलं तरी आयकेच ना."

"कुठं असते माय?"

"गेली. माह्या लग्नाच्या आधीच."

"झाली का वं मोटर?" ह्यांनी पुढून आवाज दिला. मी थांबा म्हणणार, एवढ्यात सुमनला उलटी झाली. मी तिचं डोकं धरलं, तोंड धुतलं, पदराने पुसलं. पुन्हा पाहिलं तर मोटर जागेवर नव्हती. हे घेऊन गेले होते.

सुमनला गाडीत बसवलं आणि ह्यांनी स्विच दाबला. मी दाराआडून पाहत होते. तिच्या कपाळावरचे केस भुरभुर उडायला लागले. तिने मान मागे टेकवली.

"अहो, हे तं तोंडावर पाणी उडवून राह्यलं!" सासू म्हणाली.

"डब्यात पाणी जमते, काकू. उडते थोडं," हे म्हणाले.

"घ्या! आंघोळ बी फुकट," नामदेव हसला. काचा वर झाल्या आणि गाडी निघाली.

मी ओसरीत पसारा आवरायला बसले... आणि वाटीत दोन्ही कार्बन.

परक्या माणसांसमोर मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी वाटी घेऊन तशीच वर्कशॉपात धावले.

"काऊन वं? काय झालं?" हे म्हणाले. मी वाटी पुढे केली. "जुने असतीन ते."

"जुने मी फेकले. हे नवे हायेत. मोटर तुम्ही बिनकार्बनची लावली."

"अवं, पण तुह्या डोळ्यादेखत चालली नं!"

असं म्हणाले खरे, पण चेहरा उतरला होता. बंद काचांची गाडी, वरून तसलं ऊन, आत ती पोरगी... मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवून हे मेहकरापर्यंत गेले. गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. हात हलवत परत आले. आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. मी आधी मागची सीट पाहिली. रिकामी होती.

"सून कशी हाय?" मी बाहेर येऊन विचारलं.

"आं? वहिनी, तुमाले बोलता येते?" नामदेव म्हणाला. "चांगली हाय. पोरगी झाली. दोघी बी चांगल्या."

मी तिथेच पायरीवर बसले.

"पण मिस्त्री, मशीन दवाखान्याच्या दारात बंद पडलं. सूनबाई उतरल्या अन् हवा गेली. रस्त्यानं मात्र काय हवा होती! काकूनं शाल गुंडाळली. अन् सूनबाई तापात सारखी बडबड करे — माय, पुरे आता, हात दुखतीन तुहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोटर काढली आणि माझ्या नि नामदेवच्या समोर उघडली. कार्बनची दोन्ही घरं रिकामी होती. आत काळी भुकटीसुद्धा नव्हती.

"यात तं कार्बनच नाही," हे म्हणाले.

"काय येड्यात काढता, मिस्त्री!" नामदेव हसला. मग आमच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू थांबलं.

ह्यांनी नंतर खूप डोकं लावलं. पळत्या गाडीत हवा आपोआप शिरली असेल, म्हणाले. पण तो डबा गाडीच्या आतलीच हवा घेतो, बाहेरची नाही. आणि आमच्या दारात तर गाडी उभी होती.

मग वाटीतले कार्बन मीच बसवले. स्विच दाबल्याबरोबर मोटर घरघरली आणि डब्यातून एकसारखी, कोरडी हवा आली. पाणी मात्र उडालं नाही.

बरेच दिवस गेले आणि सुमन अकोल्याहून बाळाला घेऊन परत निघाली, तेव्हा गाडी आमच्याकडे थांबली. ती ओसरीत आली आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. सासू बाहेर आहे हे पाहून हळूच म्हणाली, "ताई, आता नुसती हवा येते. त्या दिवशी तुम्ही लावलं होतं नं... तसंच करून द्या."

बाळाला घाम आला होता. मी पदराने वारा घालत राहिले आणि ती माझ्या हाताकडे पाहत राहिली.

हे आता नाहीत. ते असेपर्यंत आम्ही या गोष्टीचा उलगडा शोधत होतो, तो झाला नाही. मला मात्र दुसरंच खुपतं. ती मोटर मी दुरुस्त केली. माझ्या कामात तेवढं एक काम असं आहे, की ते करायला नको होतं असं वाटत राहतं.