एक अक्षर बदलायचं नाही

माझा दादा भोंग्यावरून बोलतो. त्याचा व्यवसाय काय असं विचारलं आणि हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी आधीच सांगून टाकते. जुनी तीनचाकी गाडी, टपावर दोन भोंगे, चालवणारा तोच आणि बोलणाराही तोच. सव्वीस वर्षं तो गल्ल्यागल्ल्यांतून सांगत फिरतोय. उद्या पाणी येणार नाही, परवा वीज जाणार आहे, लशीची तारीख बदलली, एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून घरी आलेले नाहीत, अंगात निळा सदरा आहे. सगळे त्याला भोंगेदादा म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण मला बऱ्याच गोष्टींचं वाटतं.

मी वीज खात्याच्या कचेरीत टायपिस्ट आहे. म्हणजे कचेरीला जे सांगायचं असतं ते मी टाईप करते आणि दादा भोंग्यावरून सांगतो. एकाच घरात दोन टोकं. आमची घरं लागून आहेत, मधल्या भिंतीला आम्ही दार पाडलंय आणि रात्रीचं जेवण दोन्ही घरांचं एकत्र असतं.

दादाची एक पद्धत होती. कचेरीचा कागद हातात आला की तो आधी स्वयंपाकघरात उभा राहून वहिनीला वाचून दाखवायचा. वहिनी भाजी चिरत असायची. वाचता वाचता तिची मान वळली, तर मजकूर पास. नाही वळली, तर दादा कानावरची पेन्सिल काढायचा आणि खाडाखोड सुरू करायचा. 'तांत्रिक कारणास्तव विद्युतपुरवठा खंडित राहील' याचं 'सकाळी नऊ ते बारा वीज नाही, टाक्या आधी भरून ठेवा' असं व्हायचं. मग वहिनी मान वळवून विचारायची, "उद्याच का?" झालं काम.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. तो गाद्यांच्या सेलचीही जाहिरात करायचा, पोट आहे ना. पण ज्यात लोकांचं खरोखर काही अडकलेलं असेल, तिथे आधी म्हणायचा, "ऐका हो, तुमच्या घरचंच आहे." हे ऐकलं की बायका नळ बंद करायच्या, दुकानदार मोजता मोजता थांबायचे. हे ऐकलं नाही की सगळे समजायचे, गाद्या असतील. सव्वीस वर्षांत त्याने गाद्यांसाठी ते वाक्य एकदाही वापरलं नाही. गादीवाल्याने जास्त पैसे देऊ केले तरी नाही.

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला लव्हाळी आहेत. पाणथळ जागा, कमरेइतकं गवत, बगळे, चिखल. मोठा पाऊस झाला की वरचं सगळं पाणी तिथे जाऊन मुरतं, म्हणून खालच्या गल्लीतल्या घरांत ते शिरत नाही. हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही, खालच्या गल्लीतलं कुणीही सांगेल. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची वीज आणायला एक मोठं उपकेंद्र बांधायचं ठरलं. जागा दोन होत्या. एक लव्हाळी, दुसरी बंद पडलेल्या गिरणीचं आवार. गिरणीच्या मालकांशी बोलणी करावी लागणार होती. लव्हाळ्यांशी कोण बोलणी करतं? पण कायद्याने लोकांना विचारावं लागतं, म्हणून सुनावणी ठरली.

मजकूर साहेबांनी सांगितला, मी टाईप केला. तो मला अजून पाठ आहे. 'प्रस्तावित उच्चदाब उपकेंद्राच्या उभारणीच्या अनुषंगाने पर्याय अ मधील अनुत्पादक क्षेत्राच्या भूवापर बदलाबाबत संबंधितांनी आपले म्हणणे सक्षम प्राधिकाऱ्यासमक्ष मांडावे.' अनुत्पादक क्षेत्र. जी जागा दरवर्षी शंभर घरं कोरडी ठेवते तिचं हे नाव. मी ते शांतपणे टाईप केलं, साहेबांसमोर ठेवलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. साहेब फोनवर बोलत होते. ते कायम फोनवरच बोलत असतात. बोट दिसलं की सही करतात, कागदाकडे बघत नाहीत.

दादाने तो कागद वहिनीला वाचून दाखवला. वहिनी शेंगा मोडत राहिली. तो दुसऱ्या दिवशी कचेरीत आला आणि साहेबांना म्हणाला, "साहेब, हे सोपं करून सांगू का? असं कुणाला कळणार नाही."

"कायदेशीर मजकूर आहे," साहेब म्हणाले. "एक अक्षर बदलायचं नाही. पुढे मागे काही जोडायचंही नाही. मागच्या वेळी तुम्ही काय ते टाक्या भरा वगैरे घातलं होतंत."

"लोकांनी टाक्या भरल्या, साहेब."

"तो प्रश्न नाही."

मग प्रश्न कोणता, हे मी दाराशी उभी राहून विचारायला हवं होतं. मी टाईपरायटरकडे परत गेले.

दादाने तीन दिवस तो मजकूर जसाच्या तसा वाचला. 'ऐका हो' नाही, काही नाही. सुनावणीला दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. आले तीन जण. एक सभागृहाचा पहारेकरी, एक निवृत्त मास्तर जे रोज तिथे पंख्याखाली पेपर वाचायला येतात, आणि एक बाई, जी चुकून आली होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पाऊण तास थांबले आणि मला म्हणाले, "बघा. लोकांना रसच नाही. पर्यावरण म्हणा, ऊर्जा म्हणा, कुणाला पडलेलं नाही. आणि नंतर हेच बोंबलतात." मी अहवाल टाईप केला. 'नागरिकांच्या हरकती: निरंक.'

अकरा दिवसांनी मोजणीवाले लव्हाळ्यांत उतरले आणि लाल खुंट्या ठोकायला लागले. तेव्हा कुठे गल्लीला जाग आली. सगळ्यांत आधी आली ती कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी काकू. तिचं घर लव्हाळ्यांपासून चौथं. गळ्यातली टेप तशीच, टाचण्या ओठांत धरलेल्या. त्या काढून हातात घेतल्या आणि दादाला म्हणाली, "सगळ्या जगाचं सांगत फिरता. हे तेवढं सांगायचं राहिलं?"

"सांगितलं होतं, काकू. तीन दिवस."

"कधी?"

दादाने तारखा सांगितल्या. काकूने आठवून पाहिलं. "ते होय? मला वाटलं गाद्या. ते तुम्ही सांगितलं नाहीत, भोंगेदादा. ते तुम्ही वाचलंत."

ती गेली. रात्री दादा जेवायला आला, पण पानावर नुसता बसला. वहिनीने वाढलेलं गार झालं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तू टाईप केलंस ना ते?"

"हो."

"तुला कळलं होतं त्यात काय आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "कळलं होतं," मी म्हणाले.

"मग इथे बसून, या ताटावर, का नाही सांगितलंस?"

बावीस वर्षं मी तिथे नोकरी करते. टाईप करणं आणि सांगणं यांचा काही संबंध नसतो, हे मी इतकं नीट शिकले होते की घरीही विसरले नाही. मला साहेबांचा राग होताच, पण त्या रात्री स्वतःची जी चीड आली तशी कुणाचीच कधी आली नव्हती. मी ताट सारलं आणि पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. सुनावणीनंतर पंधरा दिवस लेखी हरकत घेता येते. हे जाहीर करायचं असतं, ते केलं नव्हतं. चार दिवस उरले होते.

मी वाचून दाखवलं. वहिनीची मान वळली.

सकाळी दादाने कुणालाही न विचारता गाडी काढली. कचेरीत माझ्या खिडकीतून मला ऐकू येत होतं. "ऐका हो, तुमच्या घरचंच आहे. पवनचक्कीची वीज येणार आहे, चांगली गोष्ट आहे, सगळ्यांना हवी आहे. ती उतरवायचं केंद्र लव्हाळ्यांत करायचं की गिरणीच्या आवारात, हे तुम्हाला विचारायचं होतं. विचारलं ते तुम्हाला कळलं नाही. चूक माझीही आहे, मी गाद्या विकल्यासारखं वाचून गेलो. लव्हाळी बुजवली तर पाणी कुठे जाईल ते तुम्हाला माहीत आहे. साध्या कागदावर, साध्या भाषेत लिहा आणि वीज कचेरीत नेऊन द्या. शुक्रवारपर्यंत."

बाहेरून आलेले कागद घ्यायच्या आवक खिडकीवरही मीच होते. पहिल्या दिवशी चाळीस कागद आले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तीनशे बारा. माझा शिक्का झिजला, मनगट दुखायला लागलं, मी थांबले नाही. वहीची पानं, बिलाच्या पाठी, एक तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. जवळजवळ सगळ्यांवर एकच म्हणणं होतं, की वीज पाहिजे, गिरणीत करा, लव्हाळी सोडा. काकूने नकाशाच काढला होता. कापडावर खुणा करायच्या खडूने तिने कुठलं पाणी कुठून येतं ते दाखवलं होतं आणि मापं इंचांत लिहिली होती. ज्यांना रसच नव्हता ते हे लोक.

साहेब गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "यांना भडकवलं कोणी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आले नाहीत तर रस नाही, आले तर भडकवलेले. म्हणजे या माणसांनी नेमकं काय केलं की तुमच्या अहवालात ती शहाणी ठरतील? हे मी मोठ्याने म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी फोन खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला.

हरकती नियमात होत्या, त्या फेकून देता येईनात. सुनावणी पुन्हा घ्यावी लागेल असं वरून कळवलं गेलं. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, खुंट्या अजून तिथेच आहेत. पण राग कुणावर तरी काढायचा होता. साहेबांनी मला बोलावलं. "त्या भोंगेवाल्याला पत्र काढा. कचेरीचं काम बंद. मजकुरात अनधिकृत फेरफार वगैरे, तुम्हाला माहीत आहे कसं लिहायचं. एक प्रत फलकावर लावा."

माझा तो भाऊ आहे हे त्यांना माहीत होतं का, कोण जाणे. मी जागेवर आले. कसं लिहायचं ते मला खरंच माहीत होतं. मी टाईप केलं:

'तुम्ही लोकांना समजेल असं बोललात. त्यामुळे तीनशे बारा लोकांनी आपलं म्हणणं लिहून आणलं. म्हणून या कचेरीचं काम तुम्हाला यापुढे मिळणार नाही.'

साहेब फोनवर होते. मी कागद समोर ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

एक प्रत मी स्वतः फलकावर लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस येईल. तीही बहुधा मलाच टाईप करावी लागेल. दुसरी प्रत मी घरी नेली. दादाने ती स्वयंपाकघरात उभं राहून वहिनीला वाचून दाखवली. पहिल्याच वाक्याला तिची मान वळली, आणि तिने सुरी खाली ठेवली.

मला वाटलं दादा खचेल. कचेरीचं काम म्हणजे त्याच्या महिन्याचा निम्मा धंदा. तो कागद परत पहिल्यापासून वाचत होता. सवयीने कानावरची पेन्सिल हातात आली होती, ती त्याने पुन्हा कानावर ठेवली.

"चांगलं लिहिलंय तुझ्या कचेरीने," तो म्हणाला. "यातलं एक अक्षर बदलायचं नाही मला."

मग तो कागद घेऊन बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, भोंगा खरखरला, आणि गल्लीतले नळ एकेक करून बंद व्हायला लागले.